बॉम्बिंग रन खेळायला बसतोयस, तर एवढं ऐक

'अनरिअल टूर्नामेंट २००४' हा गोळीबाराचा कॉम्प्युटर गेम लावलायस ना? मग त्यातल्या 'बॉम्बिंग रन' या दोन संघांच्या खेळापासूनच सुरुवात कर. मैदानाच्या मधोमध एक चेंडू, दोन्ही टोकांना एकेक कडी. कडीतून चेंडू फेकलास तर ३ गुण, चेंडूसकट स्वतः उडी मारून पार झालास तर ७. नवखे या ७ च्या हावेपायी कडीखाली फुकट मरतात. गर्दी दिसली की ३ घे आणि मोकळा हो.

खरी गोम अशी की चेंडू हातात असेपर्यंत गोळी झाडता येत नाही. बदल्यात तुझी हेल्थ आपोआप भरत राहते, पण तेवढ्यावर कोणी वाचत नाही. म्हणून एकटा धावू नकोस. पास दे आणि लगेच पास घेणाऱ्याच्या पुढे जाऊन वाट साफ कर.

हाच नियम उलटाही फिरवता येतो. कोणी अंगावर आला की चेंडू त्याच्यावरच फेक. चेंडू त्याच्या हातात गेला की त्याची बंदूक गप्प, तुझी मोकळी! चावटपणा आहे, पण नियमात बसतो.

चेंडूवाला ट्रान्सलोकेटर (चकती फेकून क्षणात तिच्या जागी पोचवणारं यंत्र) वापरू शकत नाही, तू वापरू शकतोस. त्याला गाठायचं असेल तर हेच कामी येतं. अ‍ॅड्रेनलिन (खेळताना साठत जाणारी खास ऊर्जा) १०० झालं की पुढे जायची कळ झटपट चारदा दाब, वेग वाढतो.

गेम बनवणाऱ्या एपिकने त्याचे अधिकृत ऑनलाइन सर्व्हर २०२३ मध्ये बंद केले. तेव्हा आधी बॉट्सबरोबर (कॉम्प्युटर चालवतो ते खेळाडू) 'अ‍ॅन्युबिस' मॅपवर हात बसव, मग लॅनवर, म्हणजे एकाच जागी जोडलेल्या कॉम्प्युटरांवर, खेळायला ये.