कुत्रीच्या नसबंदीला विद्यार्थी हात लावणार असतील तर मालकाला विचारायला नको का?

विचारायलाच हवं. पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात तुम्ही सही केलेल्या कागदावर भूल आणि ऑपरेशनचा धोका मान्य असल्याचं लिहिलं होतं, ऑपरेशन कोण करणार ते नव्हतं, असं तुम्ही म्हणता. मग ती परवानगी भुलेची झाली, विद्यार्थ्याची नाही. मी पशुवैद्यक आहे आणि याच मुद्द्यावरून इंटर्नशिपमध्ये माझं सरांशी वाजलं होतं.

एक आजोबा राणी नावाची गावठी कुत्री नसबंदीला घेऊन आले होते. सर म्हणाले, "तयारीला लाग, ही तू करायचीस." मी बाहेर जाऊन आजोबांना सांगितलं की ऑपरेशन मी करणार, सर समोर उभे असतील, चालेल का? सरांनी मला कोपऱ्यात घेऊन झापलं. "असं विचारत बसलीस तर हो कोण म्हणेल? मग शिकणार कधी?"

आजोबांनी दोनच गोष्टी विचारल्या. यात सगळ्यात अवघड काय, आणि ते कोण करणार. मी खरं ते सांगितलं. नसबंदीत बीजांडकोश काढतात, आणि त्यासाठी तो आत ओढून धरणारा बंध बोटाने चाचपत सैल करावा लागतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच कळतं. जोर जास्त झाला तर रक्तवाहिनी फाटते. उजवा बीजांडकोश डाव्यापेक्षा पुढे आणि खोल असतो, म्हणून तो जास्त छळतो. रक्तवाहिनीवर बांधलेली गाठ निसटली तर रक्त पोटात साचतं आणि वरचे टाके मात्र व्यवस्थित दिसत राहतात. आजोबा म्हणाले, "मग उजवं सरांना करू दे. डावं तू कर, पोरी."

तसंच झालं. माझ्या बाजूची गाठ बसल्यावर सरांनी बीजांडकोश कापल्यावर उरलेला देठ चिमट्यात धरून ठेवला, रक्त येत नाही हे पाहिलं आणि मगच तो पोटात जाऊ दिला. शाळा न शिकलेल्या त्या माणसाने विचारल्यावर नकार दिला नाही, कामाची नीट वाटणी करून दिली. सरांनी हे कधीच मान्य केलं नाही.

कुत्र्याच्या मालकाला निदान कागद तरी मिळतो. खोड्यात उभ्या केलेल्या गाईच्या मालकाला तेवढंही नाही. गाभण तपासणी शिकायला मुलं एकामागून एक गुदद्वारातून हात घालतात, गाय कुंथते, आतलं अस्तर सोलवटतं, आणि शेतकरी कासरा धरून गप्प उभा राहतो, कारण केसपेपर स्वस्तात निघालेला असतो. कमी पैशात उपचार घेतले म्हणजे जनावर सरावाला दिलं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

नाही म्हणता येतं, पण भूल देण्याआधी म्हणा आणि केसपेपरवर लिहून घ्या. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला दिला आहे. त्यामुळे जबाबदार डॉक्टर कोण आणि ते टेबलापाशी असतील का, हे विचारा. पदवी साडेपाच वर्षांची असते, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. इंटर्न आणि तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी यांत पुष्कळ फरक पडतो.

आता माझ्या दवाखान्यात इंटर्न येतात. मुलाचं नाव सांगून मी मालकाला विचारते. काही जण नको म्हणतात, तेव्हा ती मुलं बाजूला उभी राहून बघतात. बरेच जण हो म्हणतात आणि टाके काढायला आल्यावर त्याच मुलाला शोधतात. विचारल्यामुळे कुणाचं शिकणं अडलेलं मी पाहिलेलं नाही.

एक राहिलं. ताप बघणं, मलमपट्टी यावरून मुलांना अडवू नका. आणि पोट फुगून जठराला पीळ पडलेला कुत्रा रात्री घेऊन गेलात तर समोर इंटर्न असला तरी त्याला लगेच हात लावू द्या. मोठे डॉक्टर येईपर्यंत थांबलात तर कुत्रा हातचा जाईल.