आजीवर लिहितेयस ना, मग आधी आत्याकडे जा

बाळा,

वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेसाठी तू लिहिलेलं काल रात्री वाचलं, मग परत वाचलं. राग मानू नकोस, पण यात काकू, म्हणजे तुझी आजी, कुठेच नाहीयेत गं. 'मायेचा सागर', 'वात्सल्यमूर्ती', 'काबाडकष्ट करून संसार उभा केला'... लालबागमध्ये कोणीही गेलं की नाक्यावरच्या फ्लेक्सवर हेच असतं, फोटो तेवढा बदलतो. शेजारच्या विंगमधल्या आजींचं नाव टाकलं तरी एक शब्द बदलावा लागणार नाही.

त्यात तुझी चूक नाही. तुझ्या वाट्याला आजी आली ती टॉवरमधली, सिरियल बघणारी, पदराच्या गाठीतून तुला गुपचूप पन्नासची नोट देणारी. मी ज्या काकू बघितल्या त्या पहाटे चारला स्टोव्हला पंप मारायच्या आणि त्या आवाजाने अख्खा मजला जागा व्हायचा, कारण सातच्या पाळीचे डबे त्याआधी भरायचे असत. एका खोलीत वीस-बावीस गिरणी कामगारांचं दोन वेळचं जेवण. कोकणातल्यांना भात लागायचा, घाटावरच्यांना भाकरी, आणि बुधवारी बांगडा नसला की दोघंही कुरकुरायचे. तू या सगळ्याला 'खानावळ चालवून मुलांना शिकवलं' एवढी एकच ओळ दिलीयस. अगं तीच तर बाई आहे!

१९७५ ला प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. त्या कर्जासाठी काकू सही शिकल्या, माझ्या पाटीवर. मी तेव्हा चौथीत. अंगठा देईन पण सहीच बरी दिसते म्हणाल्या, आणि आठ दिवस भाकऱ्या थापून झाल्या की पिठाच्याच हाताने गिरवायच्या, पाटी पुसून पुसून पांढरी झाली होती, मला शाळेत ओरडा बसला.

आता मला सांग, त्या सहीत नाव कोणतं होतं? सासरचं. माहेरचं नाव काय होतं त्यांचं? तुझ्या लिखाणात नाही म्हणजे तुला माहीत नाही. बाबांनाही माहीत नसेल, पैज लावते. माझ्या आईचं मला ती गेल्यावर अकरा वर्षांनी कळलं, गावी एका लग्नात एक म्हातारी माझी हनुवटी धरून म्हणाली, चंद्रीची ना तू? मी आजूबाजूला बघत बसले, कोण चंद्री! आजीचं कोणी मागे उरलं असेल तर आत्ता विचार, पुढच्या वर्षी नको.

आणि ते 'सगळ्यांचं उधार हसत माफ केलं' आधी काढून टाक. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, मोर्चे, हे तुला ऐकून माहितीये. पण पगार नाही म्हणजे खानावळीचे पैसे नाहीत, आणि वाणी थोडाच थांबतोय? काकूंनी पहिले काही महिने सगळ्यांना उधारीवर जेवायला घातलं, तांब्याचा हंडा गेला, मग पाटल्या गेल्या, मग एकेक जण गावी जाऊन बसला तो परत आलाच नाही. माफबिफ काही नाही. पुढे एकदा गणपतीत एक जण बायकोबरोबर समोर आला तर काकूंनी भर रस्त्यात त्याची बाही धरली, माझे तीनशे वीस! तो दुसऱ्या दिवशी शंभर देऊन गेला, उरलेल्या पैशांसाठी शेवटपर्यंत शिव्या खाल्ल्या त्याने. मला काकू आठवतात त्या अशा.

आई म्हणून कशा होत्या हे मात्र बाबांना विचारू नकोस, ते रडतील आणि 'देवी होती' म्हणतील. आत्याकडे जा. आत्याची शाळा नववीत सुटली, खानावळीत हात कमी पडत होते म्हणून. बाबा शिकले. ती त्याबद्दल बोलली तर ऐकून घे, आजीची बाजू घ्यायला जाऊ नकोस, आणि ते छापायचं की नाही हे आत्या ठरवेल, तू नाही. जाशील तेव्हा प्रश्नांची यादीबिदी घेऊन बसू नकोस. मेथी निवडायला बस तिच्याबरोबर. 'आजी कशी होती' विचारलंस तर 'चांगली होती' एवढंच मिळेल, त्यापेक्षा डब्यात काय असायचं, पाणी कोण भरायचं, मार कशाने बसायचा, असं विचार. फोन रेकॉर्डिंगला लाव, पण तिला सांगून.

आजीचे व्हॉइस मेसेज तुझ्या व्हॉट्सअपवर असतील ते आजच दुसरीकडे कॉपी करून ठेव. माझ्या भावाने बॅकअप न घेता फोन बदलला, बाबांचा आवाज गेला, तो खोकत खोकत 'जेवलास का' विचारणारा.

आणखी एक. काकूंना लिहिता येत नव्हतं म्हणून हिशोबाच्या वहीत प्रत्येक माणसासाठी एक चित्र असायचं, मासा, चांदणी, कंदील, आणि पुढे रेघा. टॉवरमध्ये शिफ्ट होताना ती वही पोटमाळ्यावरून काढून लोखंडी ट्रंकेत टाकलेली मी बघितलीय. मिळाली तर शाल पांघरलेल्या फोटोऐवजी तिचं एक पान कव्हरवर घे.

छत्री काढलेलं पान सापडलं तर ते माझ्या बाबांचं. संपात आई लहान भावंडांना घेऊन गावी गेली होती, तेव्हा आम्ही दोघं तुमच्याकडेच जेवायचो. पुढे किती रेघा आहेत तेवढं मोजून सांग मला.

तुझी,
तिसऱ्या मजल्यावरची मावशी