पाच चाळीसची गाडी

चि. बाळा, आशीर्वाद.

परवा तू गेलीस आणि तुझा कागद माझ्या टेबलावरच राहिला. वहीचं पान, मधोमध पट्टीनं मारलेली रेघ, डावीकडं पुणे, उजवीकडं सांगली. पुण्याखाली अकरा मुद्दे, सांगलीखाली नऊ. 'बाई, पुणं दोन मुद्द्यांनी पुढं आहे, पण मन होत नाही,' म्हणालीस आणि चहा अर्धा टाकून उठलीस. गाडी चुकेल म्हणून. तू जिना उतरत होतीस तेव्हा घड्याळात पाच वीस झाले होते. त्या पाच वीसमुळं मला रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

तू हुशार आहेस, तुला जमेल, हे मी सांगत बसणार नाही. द्राक्षबागेच्या बांधावरच्या पर्जन्यमापकातलं पाणी आठवीपासून रोज सकाळी मोजून वहीत लिहिणारी मुलगी हवामान शिकायचं म्हणते, तिला कुणी काय समजवायचं? प्रश्न कुठं शिकायचं एवढाच आहे, आणि तो तू चुकीचा मांडलायस. 'पुण्यात मोठी ग्रंथालयं' हा एक मुद्दा आणि 'पुण्यात मेसचं जेवण बरं नसतं' हाही एकच मुद्दा? दोघांना सारखं वजन? माझ्याकडं दोन वर्षं गणित केलंस आणि भार न लावता बेरीज केलीस, याचा मला राग आला. खरंच आला.

शिवाय खरा तिसरा पर्याय तू कागदावर घेतलाच नाहीस. तो तुझ्या वडिलांनी दारात चप्पल घालता घालता सांगितला. 'लांब कशाला धाडायची, सांगलीला अप-डाउन करंल की.' तू खाली बघत राहिलीस. मी मात्र त्यावर बोलणार आहे, कारण मी तेच केलंय.

१९८१ ते १९८४, तीन वर्षं मी अप-डाउन केलं. आमचं गाव तासगावच्या पुढं. गावातून तासगाव, तिथून कवठे एकंद, कवलापूर, बुधगाव, माधवनगर करत सांगली, मग स्टँडवरून कॉलेजला दुसरी बस. गाडीची वाट बघणं धरून एका बाजूला एक तास चाळीस मिनिटं. परतीला पाच चाळीसची गाडी. ती चुकली तर तासगावातून गावाकडची शेवटची गाडी मिळत नसे, आणि साडेसातच्या आत घरात हा आमच्या अण्णांचा नियम होता. म्हणजे पाच वाजता, प्रात्यक्षिक अर्धं असलं तरी, माझं लक्ष घड्याळाकडं.

हिशेब कर. दिवसाला तीन तास वीस मिनिटं. वर्षाला कॉलेजचे १८० दिवस धरले तर ६०० तास. तीन वर्षांत १८००. आता तुमच्या नव्या शैक्षणिक धोरणात बघ, तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात आणि थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास धरतात. १२० गुणिले १५. तेवढेच येतात, १८००. एक अख्खी पदवी मी एसटीच्या खिडकीत बसून घालवली. गाडीत वाचता येतं असं म्हणू नकोस. उभं राहून, एका हातानं दांडी धरून काय वाचता येतं ते मला विचार.

पण मी हळहळते ती त्या तासांसाठी नाही. दुसऱ्या वर्षी एकदा सप्टेंबरात असा पाऊस झाला की ओढ्यांना पाणी येऊन तासगावच्या गाड्या बंद झाल्या. गावच्या पोस्टातल्या फोनवर निरोप ठेवला आणि मैत्रिणीकडं होस्टेलला राहिले. सहा वाजता ती म्हणाली, चल लॅबमध्ये, सर असतील. त्याच दिवशी सकाळी मी न्यूटनच्या वलयांचं प्रात्यक्षिक केलं होतं, सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवलं की प्रकाशाची गोल वलयं दिसतात ते. रीडिंग घेतली, जर्नल लिहिलं, सही घेतली, कळलं काहीच नव्हतं. संध्याकाळी सरांनी तोच संच पुन्हा मांडला आणि भिंग आणि काचेच्या मधे पाण्याचा एक थेंब सोडला. वलयं आक्रसली. सर म्हणाले, का? आणि स्वतःच्या कामाला लागले. आम्ही पाच मुली दोन तास भांडलो. फळा पुसला, पुन्हा लिहिला. साडेआठला एकीच्या डोक्यात उजेड पडला, की पाण्यात प्रकाशाची तरंगलांबी कमी होते, म्हणून वलयंही लहान होणार. तो थेंब जर्नलमध्ये नव्हता, परीक्षेतही कधी आला नाही. पण भौतिकशास्त्र म्हणजे काय ते मला त्या रात्री कळलं, आणि पुढं तीस वर्षं मी जे काही शिकवलं ते त्या दोन तासांच्या भांडवलावर.

झोपताना मैत्रिणीला विचारलं, रोज असं असतं? ती म्हणाली, 'रोज नाही गं. पण असतं.'

हे वाक्य तू लिहून घे. रोज नसतं, पण असतं, आणि ते पाच चाळीसनंतर असतं.

दुसऱ्या दिवशी ओढे उतरले आणि मी पुन्हा गाडीत. मी अण्णांना होस्टेलचं विचारलंच नाही. नाही म्हणतील असं स्वतःच ठरवून टाकलं. ते काय म्हणाले असते हे मला आज बासष्टाव्या वर्षीही माहीत नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. एमएस्सीला कोल्हापूरला राहावं लागलं असतं, तेही मी याच गप्प बसण्यानं घालवलं. बीएड केलं, शिक्षिका झाले. म्हणून परवा तू खाली बघत राहिलीस तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

तर माझं म्हणणं एकच आहे, आणि ते मी तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: संध्याकाळ तुझी हवी. शहर कुठलंही असो. वर्गातलं शिक्षण सगळीकडं साधारण सारखंच मिळतं. तू ज्या दोन कॉलेजांपाशी अडलीयस, फर्ग्युसन आणि विलिंग्डन, ती दोन्ही एकाच डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आहेत, एक १८८५ चं, दुसरं १९१९ चं. अकरा ते पाचमध्ये तुला फार फरक दिसायचा नाही. फरक पडतो तो पाच ते नऊमध्ये.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. आपल्याच वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे भाऊराव पाटील. १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ ला साताऱ्यात बसल्यावर आधी उभं केलं ते बोर्डिंग. कॉलेज आलं १९४७ ला. मधल्या काळात पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. त्या माणसाला कळलं होतं की खेड्यातल्या पोराला शाळेत नाव घालून भागत नाही, त्याला रात्री दिव्याखाली बसायला जागा लागते, शेजारी दुसरं पोर लागतं. आणि आपण शंभर वर्षांनी काय म्हणतो? पास स्वस्त आहे, अप-डाउन कर. पास स्वस्त आहेच. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीटही अर्धं झालंय. म्हणूनच भीती वाटते. जे स्वस्तात मिळतं त्याची खरी किंमत घरात कुणी मोजत नाही.

आता पुणे. तुझ्या विषयाला पुण्याइतकं दुसरं शहर मिळणं कठीण, हे मी सांगलीची असून कबूल करते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, पुढं ते दिल्लीला गेलं तरी अजून त्या चौकाला लोक सिमला ऑफिस म्हणतात. पाषाणला उष्णदेशीय हवामानाची संस्था आहे, आयआयटीएम, मान्सूनच्या अंदाजाची गणितं तिथं चालतात. विद्यापीठात वातावरणशास्त्राची एमएस्सी आहे, खगोलशास्त्राची आयुका ही संस्था आहे. १९४४ पासून चालणारी, आकाश बघणाऱ्या हौशी लोकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. व्याख्यानं बहुतेक संध्याकाळी आणि फुकट. हे सगळं तुझ्या कागदावर 'चांगल्या संधी' या दोन शब्दांत मावलंय, ते काढून टाक आणि नावं लिही.

पण ही सगळी शिवाजीनगर, गणेशखिंड, पाषाणची नावं. तुझ्या मामेभावानं तुझ्यासाठी बघितलेली खोली नऱ्ह्याला आहे. कॉट बेसिसवर, स्वस्त. नऱ्ह्याहून डेक्कनला यायचं, संध्याकाळच्या गर्दीत परत जायचं, आठला खोलीत, मेस नऊला बंद. मग हे अप-डाउनच झालं ना? फक्त आई हाताशी नाही आणि भाकरी विकत. नऱ्हे, धायरी, वाघोलीला राहून पुण्यात शिकते म्हणण्यात अर्थ नाही. चालत जाता येईल तिथं कॉट मिळाली, किंवा मेट्रोच्या वाटेवर, वनाजकडं, तर पुण्याला जा. लहान खोली चालेल, खिडकी नसली तरी चालेल. भाड्याचा जो जास्तीचा पैसा असेल तो संध्याकाळचा आहे असं समजून दे. विद्यार्थी साहाय्यक समितीकडं अर्ज करच, १९५५ पासून गावाकडच्या मुलामुलींची सोय करतात, काम करून शिकायची सवयही लावतात. कॉलेजचं होस्टेल मिळालं तर प्रश्नच मिटला.

फीचं एक, भरभर सांगते. 'मुलींना फी माफ' हे ऐकून वडील निर्धास्त आहेत. ती २०२४ ची सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, साधी बीएस्सी त्यात येत नाही. प्रवेश घेताना तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे कागदावर बघून घे. फीतला मोठा फरक तिथं असतो.

आणि सांगली. इथं विश्रामबागला राहिलीस तर कॉलेज चालत, लॅब चालत, माझं घर चालत. प्राध्यापकांना महिन्याभरात तुझं नाव पाठ होईल. 'पुण्यात जे शिकायचं ते इथं नाही' असं लिहिलंयस, ते मला पटत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या खांबाशी जाऊन उभी राहा. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. नवजाला आणि महाबळेश्वरला पाऊस किती पडला, कोयना धरणातून पाणी किती सोडलं, ते इथं यायला किती तास लागले, वारणेचं पाणी हरिपूरला संगमावर कृष्णेनं कसं थोपवलं, हे सगळं तुझ्या वहीच्या पुढचं पान आहे. पुण्यात त्याचे आलेख बघायला मिळतील. इथं पाणी बघायला मिळेल. बीएस्सी इथं आणि एमएस्सी पुण्याला, हाही सरळ रस्ता आहे. पण राहून. घरून येऊन-जाऊन नाही.

लोक मला म्हणतात, बाई, तुम्ही पुण्याला गेला असतात तर कुठल्या कुठं असतात. १९९३ ला पुण्यातल्या एका शाळेनं बोलावलं होतं, पगार जास्त होता. मी गेले नाही, आणि भिऊन राहिली असं घरच्यांनीही धरलं. मी खोली बघायला गेले होते. शाळेपासून सव्वा तास लांब. त्या खोलीच्या दारातच माझं ठरलं की आयुष्यात पुन्हा कुणाची पाच चाळीसची गाडी मी पकडणार नाही. सांगलीत शाळेच्या मागं दोन खोल्या घेतल्या आणि सहा ते आठ दार उघडं ठेवलं. ज्याला यायचं त्यानं यावं, पैसे नाहीत, वेळापत्रक नाही. आजवर ते दार त्या वेळेला मी बंद ठेवलेलं नाही, पूर आला ते दिवस सोडून. त्याच टेबलावर तू पृथ्वीच्या आसाच्या कलाचं गणित तीन संध्याकाळ घेऊन बसली होतीस, मी उत्तर सांगितलं नाही म्हणून रडलीस, आणि चौथ्या संध्याकाळी सोडवलंस. तो माझा निर्णय चुकला असं मला कुणी सांगू नये. तूही नाही.

तुझ्या अकरा आणि नऊमधला एकच मुद्दा मी पुन्हा पुन्हा वाचला. सांगलीच्या रकान्यात शेवटी, बारीक अक्षरात: 'आजीला बरं वाटेल.' तो खोडू नकोस. पण आजीला तू रोज साडेसातला दमून आलेली हवीस, की महिन्यातून दोन दिवस तिच्याजवळ निवांत बसणारी, हे तिलाच विचार. आणि वडिलांना होस्टेलचं विचार, तू स्वतः, तोंडानं. ते नाही म्हणाले तरी चालेल. विचारायचं राहायला नको.

रविवारी आपण दोघी पुण्याला जातोय. सकाळच्या गाडीनं. दिवसा खोल्या बघायच्या नाहीत, दिवसा सगळ्या खोल्या बऱ्या दिसतात. पाच वाजता कॉलेजच्या दारातून निघायचं, खोलीपर्यंत जायचं आणि किती वाजले ते लिहायचं. दोन होस्टेल, तीन खोल्या. मेसमध्ये जेवून बघू. रात्रीच्या महालक्ष्मीनं परत. सोमवारी विश्रामबागच्या दोन जागा तशाच बघू, मी सांगून ठेवलंय. वडिलांना म्हणावं बाई बरोबर आहेत, आणि त्यांना यायचं असेल तर त्यांचंही तिकीट काढते, बागेतल्या फवारणीचा दिवस नसला तर.

वही घेऊन ये. आणि शनिवारी मुक्कामाला माझ्याकडंच ये, संध्याकाळी.

तुझ्या,
बाई