बाटलीवरचे साल आणि द्राक्षाचा हंगाम

प्रश्न : नाशिकच्या एकाच वायनरीच्या शिराझच्या (लाल वाइनच्या द्राक्षाचा वाण) २०१९ आणि २०२० सालच्या बाटल्या चाखल्या. फरक चांगलाच जाणवला. आपल्याकडे ऊन दरवर्षी सारखेच. मग सालाने काय बिघडते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : लेबलवरचे साल खुडणीचे असते. नाशिकची खुडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे २०२० च्या वाइनमध्ये हवामान बहुतांशी २०१९ चे आहे. आणि ऊन सारखे असले तरी पाऊस सारखा नसतो.

इथे वेलीची छाटणी दोनदा होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नव्या काड्यांसाठीची) साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. त्या काळात आभाळ भरून राहिले, तर गोडी छाटणीनंतर (फळासाठीची) घड जिरतात, त्यांच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तंतू, येते. माल कमी निघतो. पण वाइन वाईट होते असे मात्र नाही, कधीकधी उलटेच घडते.

खरी परीक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. ३५ ते ४५ दिवसांनी फुलोरा येतो. २०१९ मध्ये पाऊस नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत लांबला आणि लवकर छाटलेल्या बागा नेमक्या त्यात सापडल्या. फुलोऱ्यात पाणी साचले की गळ आणि कुज होते, घडावर केवडा (बुरशीचा रोग) चढतो. उशिरा छाटलेल्या बागा त्यातून बऱ्याच वाचतात, पण त्यांचा माल मार्चच्या उन्हात पिकतो. त्यामुळे एकाच सालात दोन तऱ्हेच्या वाइन निघू शकतात. आमच्या मते नाशिकच्या वाइनबद्दल सालाइतकीच छाटणीची तारीख विचारावी. ती लेबलवर कोणी छापत नाही, हा भाग वेगळा.

प्रश्न : बागेत चेनिन ब्लां (पांढऱ्या वाइनचे द्राक्ष) आणि शिराझ दोन्ही आहेत. खुडणीला दहा दिवस असताना अवकाळी पाऊस झाला, तर लगेच खुडावे की थांबावे? (एक बागायतदार, दिंडोरी)

उत्तर : आधी मणी पाहा, मग ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप). पावसानंतर मणी पाणी ओढून घेतो आणि ब्रिक्स एक-दीड अंशाने उतरू शकतो. साखर गेलेली नसते, पातळ झालेली असते. मण्याची साल शाबूत असेल आणि पुढे उघडीप दिसत असेल, तर तीन-चार दिवस थांबा, ब्रिक्स सावरतो. चेनिनचे घड गच्च असतात, आतला एक मणी तडकला की कूज शेजाऱ्यांकडे पसरते. त्यात तडे दिसले तर वाट पाहू नका, खराब मणी काढून बाकीचा माल द्या. शिराझला थोडा धीर धरता येतो.

नमुना घेताना ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे, मधले आणि टोकाचे असे मिळून शंभर मणी घ्या आणि सगळे एकत्र चुरडून रस मोजा. वरचे गोड मणी वेचून काढलेला आकडा वायनरीच्या गेटवर टिकत नाही.

ठिबक बंद ठेवा. सकाळचे ऊन येते त्या बाजूची घडाजवळची पाने विरळ करा. दुपारच्या बाजूची राहू द्या, नाहीतर मणी भाजतात. भुरीच्या (हाही बुरशीचा रोग) भीतीने या टप्प्यावर गंधक मारू नका. सालीवर राहिलेले गंधक आंबवणीत यीस्टच्या तावडीत सापडते आणि वाइनला सडक्या अंड्याचा वास येतो. सोव्हिन्यॉन ब्लां असेल तर ताम्रयुक्त फवारणीही टाळा; त्या वाणाचा पॅशनफ्रूटसारखा वास देणारी द्रव्ये तांब्याला बांधली जातात.

प्रश्न : मार्चमध्ये आलेल्या कॅबर्ने द्राक्षाचा ब्रिक्स २५, पीएच (जितका जास्त तितकी आंबटाई कमी) ३.९ आणि बिया अजून हिरवट. हे कशाने? (छोट्या वायनरीतून)

उत्तर : उष्णतेने. मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे तो पिकू लागल्यावर, वेल मॅलिक आम्ल श्वसनात वापरते, आणि गरम रात्रींत हे जास्त होते. जानेवारीच्या थंड रात्री आम्ल राखतात, मार्चच्या राखत नाहीत. त्यात साखर घाईने चढते. बिया आणि सालीतले टॅनिन मात्र मागे राहते. ब्रिक्सला ०.५५ ते ०.६ ने गुणा : मद्यार्क १४ ते १५ टक्के.

टार्टारिक आम्ल आंबवणीआधीच घाला. लिटरला १ ग्रॅमने पीएच साधारण ०.१ उतरतो, पण पोटॅशियम जास्त असेल तर कमीच. म्हणून आधी एक लिटर रसावर करून पाहा. पीएच तसाच सोडला तर सल्फाइट (वाइन टिकवण्यासाठी घालतात ते) हाताबाहेर जाते : ३.४ ला लिटरमागे सुमारे ३२ मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइडने जे संरक्षण मिळते, त्यासाठी ३.८ ला जवळपास ८० लागतात. बिया हिरव्या असल्याने आंबवणीत वर तरंगणारी सालींची टोपी जोरात दाबू नका, शेवटचा दाबलेला रस वेगळ्या टाकीत घ्या. खुडणी पहाटे उरका.

पुढच्या हंगामात गोडी छाटणी दहा-पंधरा दिवस अलीकडे आणता येईल. फुलोरा ऑक्टोबरच्या पावसात येण्याची जोखीम तेवढी वाढेल, म्हणून सगळा प्लॉट एकदम न छाटता दोन टप्प्यांत छाटायला बागायतदाराला सांगा.