प्राथमिक शाळेत मुलं गणितात नेमकं काय शिकतात?

बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार तर आहेच, पण माझ्या मते खरा गाभा स्थानिक किंमत. ५२ मधले ५ म्हणजे पाच नव्हे, पाच दशक, हे डोक्यात बसलं की हातचा आपोआप कळतो. ५२ मधून २७ वजा करताना २ मधून ७ जात नाहीत. मग एक दशक सुटा करायचा: १२ मधून ७ गेले, उरले ५, राहिलेल्या ४ दशकांतून २ गेले, उरले २. उत्तर २५. ज्याला हे कळलेलं नसतं, ते मूल सरळ ७ मधून २ वजा करतं आणि ३५ लिहून मोकळं होतं. याला निष्काळजीपणा म्हणू नका.

दुसरं अवघड वळण अपूर्णांकांचं. ४ मोठा, म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा, असं मुलं छातीठोकपणे सांगतात. कागदाच्या पट्टीला घड्या घालून दाखवल्या की वाद मिटतो. (तीन सारख्या घड्या मोठ्यांनाही पटकन जमत नाहीत!)

बाकी घड्याळ, लांबी-वजन, आकार, परिमिती-क्षेत्रफळ, पुढे दशांश अपूर्णांक. पाढे पाठ हवेतच, पण सात आठे विसरलं तर सात सत्ते एकोणपन्नासमध्ये ७ मिळवून ५६ काढता यायला हवेत.