सोनोग्राफी सेंटरच्या बाहेरच्या टेबलावर

प्रश्न : बारावी सायन्स झाले, 54 टक्के. इथल्या सोनोग्राफी सेंटरमध्ये रिसेप्शनला बोलावलंय. एक क्लास म्हणतो, सहा महिन्यांत सर्टिफिकेट देऊ, मग स्वतः सोनोग्राफी करशील. बाबा फी भरायला तयार आहेत. काय करू? – एक विद्यार्थिनी, बार्शी

फी भरू नका, असं बाबांना आजच सांग. गरोदर बाईची सोनोग्राफी आपल्याकडे पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणीला बंदी घालणाऱ्या कायद्याप्रमाणे पात्र डॉक्टरच करतो. नियमांत सहा महिन्यांचं प्रशिक्षण आहे खरं, पण ते एमबीबीएस झालेल्यांसाठी. क्लासवाले नेमकं तेवढंच गाळतात. ब्रिटनमध्ये डॉक्टर नसलेले सोनोग्राफर असतात, इथे नाही.

रिसेप्शनची नोकरी मात्र हलकी समजू नकोस. सेंटरचा दिवस त्या टेबलावरच सुरळीत जातो, नाहीतर कोलमडतो. मी पाहिलेल्या एका सेंटरमधल्या ताई आदल्या दिवशीच फोन करून आधारकार्ड आणि जुने रिपोर्ट आणायला सांगायच्या. पाळीची तारीख विचारली की बाई म्हणायची, "नागपंचमीच्या आदल्या दिवशी." ताई शांतपणे भिंतीवरचं कॅलेंडर उलटून तारीख काढायच्या. ती चुकली तर अकरा ते चौदा आठवड्यांतला, बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणारा एनटी स्कॅन हुकतो. अठरा-वीस आठवड्यांच्या अॅनोमली स्कॅनला, म्हणजे बाळाचे अवयव नीट आहेत का ते बघायला, वेळ लागतो, म्हणून असे दोन स्कॅन त्या लागोपाठ लावत नसत. बाळ नीट दिसत नसलं की त्या आईला जरा चालून यायला सांगत आणि मधल्या वेळात दुसरीला आत पाठवत. सगळ्यांना सकाळी दहालाच पाणी पिऊन बसवणाऱ्या सेंटरमध्ये बायकांचे काय हाल होतात, ते तुला सांगायला नको.

आता एफ फॉर्म, म्हणजे गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी कायद्याने भरायचा फॉर्म. नाव, पत्ता, आधीची मुलं, कोणी पाठवलं, तपासणी कशासाठी, हे सगळं त्यात येतं. त्यात त्रुटी राहिली तर कायदा ती गर्भलिंग तपासणीइतकीच गंभीर धरतो. तसा गुन्हा घडला नाही, हे सोनोग्राफी करणाऱ्याने सिद्ध करायचं. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ही तरतूद कायम ठेवली. मागच्या महिन्यातल्या तपासण्यांचा अहवाल 5 तारखेपर्यंत सरकारी अधिकाऱ्याकडे जातो. आणि एखादी सासू हळूच "पेढे की बर्फी?" विचारेलच. हसून वेळ मारून नेऊ नकोस, "इथे सांगत नाहीत" असं तोंडावर सांग. यात सामील झालेल्या कर्मचाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तुला मशिनवरच काम करायचं असेल तर रेडिओग्राफीची पदवी बघ. त्यातून एक्स-रे, सीटी, एमआरआयचं काम मिळतं. वर्षभर नोकरी कर, प्रवेशाची तयारी चालू ठेव.

मुलाखतीला जाशील तेव्हा पगाराआधी एक विचार : एफ फॉर्मवर डॉक्टरांची सही तपासणीच्या दिवशीच होते ना? महिनाअखेरीला गठ्ठ्यावर सह्या होत असतील, तर पगार कितीही देऊ देत, तिथे जाऊ नकोस.