मेडिकल असिस्टंटची पदवी आणि तिच्यासाठीचे कर्ज

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची असून शिवाजी विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केले आहे. लग्नानंतर न्यू जर्सीत एडिसनला आले आणि नुकतेच ग्रीन कार्ड मिळाले. येथील एका खासगी करिअर कॉलेजने मेडिकल असिस्टंटच्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीचा एकूण खर्च 31,000 डॉलर सांगितला असून, तो कर्जातून भागेल असे त्यांचे म्हणणे आहे. काउंटी कॉलेजचा, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजचा, वर्षभराचा सर्टिफिकेट कोर्स मात्र पुस्तकांसह सुमारे 7,000 डॉलरमध्ये होतो. ‘डिग्री ती डिग्री’ असे घरच्यांचे मत आहे. सरकारी संकेतस्थळावरील कमाई व कर्जाचे आकडे कसे वाचावेत आणि मला पेल ग्रँट, म्हणजे परत न करावी लागणारी सरकारी शैक्षणिक मदत, मिळेल का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : या व्यवसायात पगार ठरतो तो हुद्द्यावर, हातातील कागद डिग्रीचा की सर्टिफिकेटचा, याने त्यात फारसा फरक पडत नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार मे 2024 मध्ये मेडिकल असिस्टंटचा मध्यक वार्षिक पगार 44,200 डॉलर होता, म्हणजे निम्म्या लोकांना याहून अधिक आणि निम्म्यांना याहून कमी मिळत होते. याच विभागाने या कामासाठीची नेहमीची शैक्षणिक पात्रता म्हणून पदवी नव्हे, तर बारावीनंतरचा सर्टिफिकेट कोर्स नोंदवला आहे. रुग्णाला आत घेऊन रक्तदाब व वजन नोंदवणे, ईसीजी काढणे, विमा कंपनीकडून तपासणीची पूर्वमंजुरी मिळवणे ही कामे पदवी घेतलेलीला आणि सर्टिफिकेट घेतलेलीला सारखीच करावी लागतात.

आता हप्त्याचा हिशेब पाहू. आपल्यासारख्या विवाहित, म्हणजे स्वतंत्र गणल्या जाणाऱ्या विद्यार्थिनीला केंद्र सरकारचे कर्ज पहिल्या वर्षी 9,500 आणि दुसऱ्या वर्षी 10,500 डॉलरपर्यंतच मिळते. म्हणजे 31,000 पैकी 11,000 डॉलर खासगी कर्जातूनच उभे करावे लागतील, आणि त्यासाठी आपल्या पतीची जामीन म्हणून सही मागितली जाण्याची शक्यता मोठी आहे. सरकारी कर्जाचा 2025-26 चा 6.39 टक्के दर धरला, तर 20,000 डॉलरचा दहा वर्षांचा हप्ता दरमहा सुमारे 226 डॉलर येतो; खासगी कर्जाला 11 टक्के धरल्यास आणखी 151. सुरुवातीला ताशी 18 डॉलर मिळतील असे गृहीत धरले, तर महिन्याची ढोबळ मिळकत 3,120 डॉलर होते आणि तिच्यातील बारा टक्के रक्कम कर कापण्याआधीच कर्जात जाते. अमेरिकी शिक्षण खात्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी वापरलेल्या एका कसोटीत वार्षिक मिळकतीच्या आठ टक्क्यांपर्यंतचा हप्ता मान्य धरलेला आहे. याउलट 7,000 डॉलरच्या कर्जाचा हप्ता सुमारे 79 डॉलर राहतो. शिकत असताना चढणारे व्याज मी येथे धरलेले नाही.

त्याहून मोठा खर्च कॉलेजच्या पत्रकात छापलेलाच नसतो. सर्टिफिकेट घेऊन आपण एक वर्ष आधी कामाला लागलात, तर वरच्याच दराने त्या वर्षात सुमारे 37,000 डॉलर मिळवाल. म्हणजे फीमधील फरक 24,000 चा दिसत असला, तरी पदवीची खरी जास्तीची किंमत साठ हजारांच्या घरात जाते.

‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या सरकारी संकेतस्थळावरील आकडे उपयोगी आहेत. पण ते कोणाचे आहेत हे आधी पाहावे. अभ्यासक्रमनिहाय कमाईचा आकडा केंद्रीय मदत घेऊन अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या आणि सध्या नोकरीत असलेल्यांचा असतो. मध्येच सोडून गेलेले त्यात नसतात, आणि कर्ज तर त्यांच्याही डोक्यावर असते. कर्जाच्या आकड्यात खासगी कर्ज धरलेले नसते, आणि तुमच्या प्रकरणात नेमकी तीच मेख आहे. तेव्हा संस्थेचा सरसकट आकडा न पाहता त्या अभ्यासक्रमाचा पाहावा आणि तो काउंटी कॉलेजच्या आकड्याशेजारी ठेवावा.

पदवीचे दुसरे वर्ष सार्थकी लागते ते पुढे नर्सिंगला जायचे असेल आणि तेथील क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, नर्सिंग कॉलेज लेखी मान्य करणार असेल, तरच. नोंदणीकृत नर्सचा मध्यक पगार मे 2024 मध्ये 93,600 डॉलर होता, त्यामुळे हा मोह स्वाभाविक आहे. पण मेडिकल असिस्टिंगचे प्रात्यक्षिक विषय नर्सिंगमध्ये सहसा धरले जात नाहीत, आणि खासगी करिअर कॉलेजांची क्रेडिट इतरत्र अनेकदा नाकारली जातात. आधी नोकरी धरून मालकाच्या मदतीने शिकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण मालकाने शिक्षणासाठी दिलेल्या वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतच्या रकमेवर आयकर लागत नाही. सर्टिफिकेट घेतानाही एक गोष्ट पडताळून पाहावी: सीएमए, म्हणजे प्रमाणित मेडिकल असिस्टंट, या परीक्षेला बसण्यासाठी सहसा अभ्यासक्रमाला सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता लागते, आणि न्यू जर्सीत डॉक्टरांना इंजेक्शन देण्याचे काम सोपवायचे, तर सहायक प्रमाणित असावा लागतो.

पेल ग्रँट बॅचलर पदवी घेतलेल्यांना मिळत नाही, मग ती पदवी परदेशी का असेना. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची असल्यामुळे ती अमेरिकी पदवीशी समकक्ष नाही असे मूल्यांकन झाले, तर कॉलेज पात्र ठरवू शकते. अर्जात मात्र ही पदवी लपवू नये. उलट हेच मूल्यांकन हाती आल्यावर वैद्यकीय प्रयोगशाळेच्या वाटेचीही चौकशी करावी. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या व्यक्तीने तो विषय बाजूला सारून नव्याने कर्ज काढावे, हे मला तरी पटत नाही. प्रयोगशाळा तंत्रज्ञांचा मध्यक पगारही मेडिकल असिस्टंटपेक्षा बराच वरचा आहे. पदवीच्या मूल्यांकनाचे आणि पेल ग्रँटचे उत्तर हाती येईपर्यंत खासगी कॉलेजच्या करारावर सही करू नये आणि जागा राखण्यासाठी मागितलेली अनामतही भरू नये.